पोतनीस साहेबांच्या गाडीचे दिवसाचे दिवे

नवऱ्याच्या बदलीमागे बायको गेली तर तिला कुणी काही विचारत नाही. बायकोच्या बदलीमागे नवरा गेला, की लोक आवाज खाली आणून विचारतात, "तब्येत वगैरे बरी आहे ना तुमची?" माझी बायको सुलभा, कोलकात्यात मुख्यालय असलेल्या एका सरकारी कंपनीत अधिकारी. तिची इथे बदली झाली तेव्हा मी पुण्यात एका गॅरेजात ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे म्हणून आलो. ती आता निवृत्तसुद्धा झाली आणि आम्ही अजून इथेच आहोत.

पहिले चार महिने मी घरी बसून वरण-भात शिकलो. मग बालीगंजला रेल्वेच्या रुळांलगतच्या गल्लीत दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा भाड्याने घेतली. जोगळेकर हे आडनाव बंगाली जिभेला झेपेना, त्यामुळे आठवडाभरात मी गल्लीचा 'जोगदा' झालो. मराठी मंडळात मात्र मी बरीच वर्षं 'सुलभाताईंचे मिस्टर' होतो. माझं गॅरेज आहे हे कळल्यावर बढती मिळून 'आपला माणूस' झालो. आपला माणूस म्हणजे ज्याच्याकडे गाडी रविवारी न्यायची, चहा त्याचाच प्यायचा आणि त्याने दर सांगितला की विनोद ऐकल्यासारखं हसायचं.

आमच्या धंद्याची माहिती बाहेरच्यांना फारशी नसते. गाडीचे जे आजार आवाज करतात ते मेकॅनिककडे जातात, जे गुपचूप होतात ते आमच्याकडे येतात. एका डॉक्टरांच्या गाडीची बॅटरी दर तिसऱ्या दिवशी मरायची. त्यांनी वर्षात तीन बॅटऱ्या बदलल्या आणि एका ज्योतिषाच्या सांगण्यावरून गाडीचा रंगही बदलला. मी दोन दिवस वायरी तपासल्या, काही सापडेना. शेवटी मी स्वतः डिकीत आडवा झालो आणि निर्मलला झाकण लावायला सांगितलं. आत दिवा लागलेलाच होता. झाकणाचं बटण अडकलं होतं आणि तो दिवा रात्रंदिवस जळून बॅटरी पीत होता. झाकण उघडलं तेव्हा समोर डॉक्टरांच्या सौभाग्यवती उभ्या होत्या. डिकीतून बाहेर येणाऱ्या माणसाने काय बोलावं, हे मला त्या वेळी सुचलं नाही.

निर्मल माझा पहिल्या दिवसापासूनचा जोडीदार. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, बजबजहून रोज लोकलने येणारा, कमी बोलणारा. मी गाडीचं डोकं आणि तो गाडीचे हात, असं मी लोकांना सांगत असे. डोकं कुणाचं जास्त चालायचं हे आम्हा दोघांना माहीत होतं.

आता पोतनीस साहेबांकडे येतो. हे त्यांचं खरं नाव नाही. पण खरं लिहिलं असतं तरी बिघडलं नसतं, कारण साहेब मंडळाच्या ह्या दिवाळी अंकाला दरवर्षी जाहिरात देतात, अंक वाचत नाहीत.

साहेब एका खाजगी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ऑफिस सॉल्ट लेकला, फ्लॅटही तिथेच. त्यांच्याकडे एक राखाडी रंगाची इम्पोर्टेड गाडी होती. त्यांच्या कंपनीच्या एका डायरेक्टरने ती इंग्लंडहून परत येताना आणली, त्यांच्याकडून ती दुसऱ्या एका अधिकाऱ्याकडे गेली आणि तिसऱ्या हाताला साहेबांकडे आली. पण साहेब 'माझी इंग्लंडची गाडी' असं अशा सुरात म्हणायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं, लंडनहून हे स्वतःच चालवत आले.

गाडीत एक उणीव होती. ती त्या मॉडेलमधली सगळ्यात साधी आवृत्ती होती. महागड्या आवृत्तीला पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत दिवसाचे दिवे असतात. साहेबांच्या गाडीला त्या जागी काळ्या प्लॅस्टिकची दोन झाकणं होती. ही झाकणं आजवर कुणाला टोचली नव्हती. पण साहेबांच्या शेजारी गाडी लावणाऱ्या चॅटर्जीबाबूंनी नवी देशी गाडी घेतली, साहेबांच्या गाडीच्या निम्म्या किमतीची, आणि तिला हे दिवे होते. रोज सकाळी चॅटर्जीबाबूंची गाडी चालू झाली की तिच्या भुवया लखलखायच्या आणि इंग्लंडची गाडी शेजारी मोतीबिंदू झाल्यासारखी उभी असायची. हे वर्णन साहेबांचंच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे दिवे रस्ता दिसावा म्हणून नसतात. गाडी चालू केली की आपोआप लागतात, भर उन्हात, धुक्यात, पावसात, आणि समोरच्याला सांगतात की इथे एक गाडी येते आहे. रात्रीचे मोठे दिवे लावले की हे मंद होतात किंवा विझतात. थोडक्यात, हे दिवे दुसऱ्यांच्या सोयीसाठी आहेत. लोक मात्र ते दागिन्यासारखे बसवून घेतात.

साहेब आधी त्या गाडीच्या शोरूममध्ये जाऊन आले होते. तिथे त्यांना जो आकडा सांगितला त्यात एक बरी स्कूटर आली असती. म्हणून ते आपल्या माणसाकडे आले. मी त्यांना नीट पद्धत समजावली. भंगारात निघालेल्या महागड्या आवृत्तीच्या गाडीचे अस्सल दिवे शोधायचे, त्यांची वायर गाडीच्या बाकीच्या वायरिंगला हात न लावता वेगळी ओढायची, वेगळा फ्यूज, वेगळा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. शोधायला महिना-दीड महिना, बसवायला दोन दिवस. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातल्या पिशवीतून एक खोकं काढलं. दिवे त्यांनी मोबाईलवरून आधीच मागवले होते. अर्ध्याच्या अर्ध्या किमतीत, वर तीस टक्के सूट. खोक्यातल्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं की हे दिवे जगातल्या सगळ्या गाड्यांना बसतात. जी वस्तू सगळ्यांना बसते ती कुणालाच धड बसत नाही, हे मी पोटापाण्यासाठी शिकलो आहे. तसं मी म्हणालोही.

साहेब म्हणाले, रविवारी मंडळाचा गणपती आहे, सगळे गाड्या घेऊन येणार, तोवर झालं पाहिजे. तो गुरुवार होता. मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्याआधीच्याच महिन्यात मंडळाच्या सहलीत, चार माणसांसमोर मी सांगून बसलो होतो की चार चाकं आणि एक बॅटरी असेल तर अशी गाडी नाही जिची वायरिंग मला जमत नाही. साहेबांनी ते वाक्य मला तसंच्या तसं ऐकवलं. मी गाडी ठेवून घेतली.

शनिवारी दुपारी दिवे बसले. साहेबांनी मागवलेला प्रकार दोन कामांचा होता, एरवी पांढरा उजेड आणि वळताना पिवळी उघडझाप. म्हणजे गाडीचा मूळ इंडिकेटरचा बल्ब काढून त्याची वायर ह्या दिव्याला द्यायची. तशी दिली आणि किल्ली फिरवली. दिवे लागले, पण स्टिअरिंगमागच्या काट्यांच्या पट्टीवर इशाऱ्याचे लाल-पिवळे दिवे असे पेटले, की चंदननगरच्या रोषणाईवाल्या कारागिरांनी पूजेचा मांडव सजवल्यासारखं वाटलं. ह्या गाड्यांमधला कॉम्प्युटर प्रत्येक बल्ब किती वीज घेतो ते मोजत असतो. नवे दिवे फारच कमी वीज घेतात. कॉम्प्युटरला वाटलं, बल्ब गेला. त्याने दुरुस्तीचा निरोप दिला आणि इंडिकेटर दुप्पट वेगाने फडफडायला लागला.

ह्यावर बाजारात एक उपाय मिळतो. बोटभर लांबीचा एक रेझिस्टर, सोनेरी रंगाचा, दिव्याच्या जोडीला लावायचा. तो जुन्या बल्बएवढी वीज खाऊन कॉम्प्युटरची समजूत घालतो. खाल्लेल्या विजेची मात्र उष्णता होते. इंडिकेटर चालू असेपर्यंत हा रेझिस्टर तापत राहतो, तव्यासारखा. म्हणून तो गाडीच्या लोखंडालाच स्क्रूने घट्ट बसवायचा असतो, म्हणजे उष्णता लोखंडात पसरते. त्यासाठी लोखंडाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन भोकं पाडावी लागतात.

साहेब समोर स्टुलावर बसले होते. ड्रिल पाहून ते उठले. इंग्लंडच्या गाडीला भोक पाडायचं नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उद्या विकायला काढली तर घेणारा काय म्हणेल. मी म्हटलं, ही भोकं चाकावरच्या कमानीच्या आत आहेत, घेणाऱ्याच्या बापालाही दिसणार नाहीत. साहेब म्हणाले, देवाला दिसतात. आयुष्यात त्यांनी मला सांगितलेली ही एकच आध्यात्मिक गोष्ट.

सहा वाजत आले होते. मी दोन्ही रेझिस्टर बंपरच्या आतल्या प्लॅस्टिकला दुतर्फी टेपने चिकटवले आणि वरून पट्ट्यांनी आवळले. निर्मल गाडीखालून बाहेर आला, त्याने ते पाहिलं आणि आपल्या अर्ध्या हिंदी, अर्ध्या बंगालीत हळूच म्हणाला की दादा, हे लोखंडावर पाहिजे. मी त्याला म्हटलं, इंडिकेटर वळताना दहा सेकंद लागतो, दहा सेकंदांत काय तापणार. तो पान्हे गोळा करून आपली लोकल पकडायला गेला.

दहा सेकंदांचा हिशोब मी साहेबांसाठी केला नव्हता, माझ्यासाठी केला होता. गाडीत आणखी एक बटण असतं, लाल त्रिकोणाचं, जे दाबलं की चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करतात आणि बंद करेपर्यंत करत राहतात. ते बटण मी आयुष्यात हजार वेळा दुरुस्त केलं असेल. त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही असं मी लिहिलं, तर ते खोटं होईल. आठवलं होतं. घरी जायची घाई त्याहून मोठी होती.

रविवारी मंडळाच्या गणपतीला साहेबांनी गाडी अशी उभी केली की आरतीला येणारा प्रत्येक जण तिच्या पुढूनच जाईल. इंजिन चालू ठेवून ते दहा मिनिटं दारात उभे होते. लोकांनी विचारलं की सांगत होते, बाहेरून मागवले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तीन आठवड्यांनी, दुपारी बाराच्या सुमाराला मला पोतनीस वहिनींचा, म्हणजे मीराताईंचा फोन आला. मीराताई बालीगंजच्या एका शाळेत गणित शिकवतात. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली होती आणि सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होत्या. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, चालायला चार पायांची काठी. पुढे कुठल्या तरी पक्षाचा मिछिल निघाला होता. मिछिल म्हणजे मोर्चा, कोलकात्यात तो पावसाइतकाच नेमाने येतो. फ्लायओव्हर उतरता उतरता सगळी रहदारी थांबली. मीराताईंची गाडी रांगेत शेवटची होती आणि मागून उतारावर वेगाने येणाऱ्या गाड्यांना ती दिसावी म्हणून त्यांनी लाल त्रिकोणाचं बटण दाबलं. कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं. मिछिल पाऊण तास चालला.

पाऊण तासाने बंपरच्या डाव्या कोपऱ्यातून धूर यायला लागला. मीराताईंनी त्रिकोणाचं बटण बंद केलं, इंजिन बंद केलं, किल्ली काढली, बॉनेट उघडायच्या फंदात पडल्या नाहीत आणि सासूबाईंना उतरवायला गेल्या. सासूबाई उतरेनात. आपली काठी डिकीत आहे आणि काठीशिवाय आपण रस्त्यावर पाय ठेवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मागे गाड्यांचे भोंगे, पुढे घोषणा, बाजूला धूर. शेवटी थांबलेल्या एका बसचा कंडक्टर उतरला, त्याने आजींना दोन्ही हातांवर उचललं आणि उताराच्या खालच्या चहाच्या टपरीच्या बाकावर नेऊन बसवलं. मग पाण्याची बाटली घेऊन परत आला आणि बंपरवर ओतली. बटण बंद केल्याने रेझिस्टरची वीज तुटली होती, त्यामुळे धूर तेवढ्यावरच थांबला.

मी आणि निर्मल टॅक्सीने पोचलो तेव्हा सासूबाई मातीच्या भांड्यातून चहा पीत होत्या आणि मीराताई फुटपाथवर उभ्या होत्या. मी बंपरच्या आतलं आवरण काढलं. रेझिस्टरच्या जागी प्लॅस्टिक वितळून खाली ओघळलं होतं, वायरीचं वरचं कवच जळालं होतं, हेडलाइटचा खालचा भाग काळा पडून वाकला होता. आणखी पंधरा-वीस मिनिटं तो मोर्चा चालला असता तर काय झालं असतं ते मला दिसत होतं, आणि बाकावरच्या आजीही दिसत होत्या.

मीराताईंनी विचारलं, "कशामुळे झालं?"

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. साहेबांनी मागवलेले दिवे हलके निघाले. कुणालाही पटलं असतं, आणि दिवे हलके होतेच. निर्मल माझ्या बाजूला उभा राहून रस्त्याकडे बघत होता. तो माझ्याकडे बघत असता तर कदाचित मी तेच उत्तर दिलं असतं. तो बघत नव्हता म्हणून मला ते देता आलं नाही.

मी म्हटलं, "चूक माझी. हा तुकडा लोखंडावर बसवायचा असतो. मी प्लॅस्टिकवर बसवला."

मग मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं, वर्गात फळ्यावर उत्तर लिहिणाऱ्या पोराचं ऐकावं तसं. शेवटी एकच विचारलं, "भोक पाडू नका असं ह्यांनी सांगितलं होतं का?" मी म्हटलं सांगितलं होतं, पण मग मी काम करायला नको होतं. त्यांनी मान हलवली आणि सासूबाईंसाठी टॅक्सी बघायला गेल्या. मला त्यांनी बरं-वाईट काहीच म्हटलं नाही. दोन रात्री मला झोप लागली नाही. सुलभाने कारण विचारल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, निर्मलला आधी सॉरी म्हण. दुसऱ्या दिवशी म्हटलं. तो म्हणाला, दादा, चहा सांगू का.

मी साहेबांना फोन करून सांगितलं की गाडी माझ्या खर्चाने पूर्ववत करून देतो. साहेब म्हणाले, माझ्या गाडीला परत हात लावायचा नाही. गाडी शोरूमला गेली. पुढच्या रविवारी मंडळाच्या बैठकीत, नाव न घेता, हल्ली कोणीही गॅरेज काढतं ह्या विषयावर साहेब वीस मिनिटं बोलले. विषयपत्रिकेवर कोजागरीचं दूध होतं. मंडळातली माझी जी सहा-सात गिऱ्हाइकं होती ती बंद झाली. त्यामुळे माझं नुकसान व्हायला हवं होतं, पण रविवारची सुट्टी मिळायला लागली आणि चहाचा खर्च उतरला. सुलभाला मात्र एका हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलं, "तुमच्या मिस्टरांनी काय जाळलं म्हणे?" ते तिला लागलं. ते मलाही लागलं.

ह्यानंतर दहा-बारा दिवसांनी साहेब स्वतः गॅरेजात आले. आवाज मऊ होता. चहा नको म्हणत घेतला. निर्मलची चौकशी केली. मग खिशातून टाइप केलेला एक कागद काढला. झालं होतं असं की विम्याचा दावा अडकला होता. गाडीत बाहेरून काही बसवलं असेल आणि ते कळवलेलं नसेल, तर विमा कंपनी पैसे देत नाही. कागदावर लिहिलं होतं की खाली सही करणारा मी, ह्या गाडीची अनेक वर्षं देखभाल करत असून, सदर दिवे गाडीत मुळापासून होते.

साहेब म्हणाले, "सही करा. शेवटी आपलाच माणूस आहात."

मी म्हटलं, मंडळाच्या त्या बैठकीत मी 'कोणीही' होतो. साहेब हसले. ते म्हणाले, ते सभेतलं बोलणं होतं, ते मनावर घ्यायचं नसतं. मी सही केली नाही. त्यांनी दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारांनी सांगितलं. विमा कंपनीचं काय जातंय, सगळेच करतात, उलट तुमचंही नाव मोकळं होईल. ह्या शेवटच्या मुद्द्यावर मी थोडा थांबलो, हे कबूल करतो. दिवे मुळापासून होते म्हटलं की माझी चूकही मुळापासून नव्हती. पण बंपर वितळलेला मी पाहिला होता, आणि कागदावर सही करून तो परत घट्ट होणार नव्हता.

दोन दिवसांनी विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. सडपातळ, बडीशेप चघळणारा, बत्तीस वर्षं जळक्या गाड्या बघून चेहऱ्यावरचं आश्चर्य संपलेला माणूस. मी त्याला लिहून दिलं. दिवे मी बसवले, मालकाच्या संमतीने. रेझिस्टर चुकीच्या जागी बसवला, चूक माझी. त्याने कागद दोनदा वाचला. हिंदीत म्हणाला, इतक्या वर्षांत कोणत्याही मिस्त्रीने मला 'गलती मेरी है' असं लिहून दिलेलं नाही, हे फाईलला कुठे लावायचं तेच मला माहीत नाही. पण लावलं. दावा नामंजूर झाला. साहेबांनी शोरूममधून बंपर आणि हेडलाइट स्वतःच्या पैशाने बदलून घेतला, दिव्यांच्या जागी पुन्हा काळी झाकणं आली आणि साहेबांचं माझ्याशी बोलणं बंद झालं. गाडीवरूनही त्यांचं मन उडालं. कंपनीची ड्रायव्हरसह गाडी त्यांना मिळत होतीच, ते तिने जायला लागले. इंग्लंडची गाडी मीराताईंकडे आली.

जानेवारीत एका सकाळी मीराताई ती गाडी घेऊन गॅरेजात आल्या. मला वाटलं, आता राहिलेलं बोलणार. त्यांनी स्टूल ओढलं आणि सांगितलं की शाळेसाठी त्यांना सव्वासहाला सॉल्ट लेकहून निघावं लागतं. बायपासवर तेव्हा धुकं इतकं असतं की दहा हातांपलीकडचं दिसत नाही, आणि गाडी नेमकी राखाडी. हेडलाइट लावून जातात, पण वाटेत उजाडलं की विसरून बंद करतात, आणि धुकं तर तसंच असतं. आदल्याच दिवशी एक बस त्यांच्या आरशाला घासून गेली होती. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, दीदी, तुमची गाडी दिसलीच नाही.

"ते दिवे परत बसवायचे आहेत," त्या म्हणाल्या. "नीट."

मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाकडे गेलात तरी मला वाईट वाटणार नाही. त्या म्हणाल्या, दुसऱ्याकडे गेले तर तो कुठे चुकेल ते त्याला माहीत नसेल. हे कौतुक होतं की टोमणा, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

निर्मलने तीन आठवड्यांत अस्सल दिव्यांची जोडी शोधून आणली, एका अपघातात मागून चेपलेल्या महागड्या आवृत्तीची. पुढचा भाग शाबूत होता. ह्या खेपेला इंडिकेटरला हातच लावला नाही, त्यामुळे त्या सोनेरी तुकड्याची गरजच पडली नाही. सगळी भानगड साहेबांनी दोन कामांचा दिवा स्वस्तात घेतला म्हणून आणि मी तो हातात घेतला म्हणून झाली होती. वेगळी वायर, वेगळा फ्यूज, रिलेसाठी लोखंडाला दोन भोकं. ड्रिल हातात घेऊन मी मीराताईंकडे पाहिलं. शनिवार होता, शाळेला सुट्टी, त्या समोर बसून उत्तरपत्रिका तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाडा." रविवारी दुपारी काम पूर्ण झालं. मी किल्ली फिरवली, दिवे लागले, मोठे दिवे लावल्यावर मंद झाले. काट्यांच्या पट्टीवर एकही इशारा आला नाही. निर्मलने चाकाच्या कमानीत हात घालून प्रत्येक स्क्रू स्वतः पिळून पाहिला. माझा त्यावर आक्षेप नव्हता.

घरी काय सांगणार, असं मी मीराताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ह्यांना सांगितलंय की गाडी कामाला दिली आहे. कुणाकडे ते त्यांनी विचारलं नाही.

सहा आठवडे साहेबांच्या लक्षात आलं नाही. ते घरून निघायचे तेव्हा मीराताई शाळेत असायच्या, आणि परत यायचे तेव्हा गाडी बंद होऊन खाली उभी असायची. गाडी बंद असली की हे दिवे म्हणजे नुसती काचेची पट्टी. मीराताई मला अधूनमधून फोनवर आकडा सांगायच्या. आज तेवीस दिवस. आज एकतीस. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी चॅटर्जीबाबूंनी साहेबांना खाली गाठून अभिनंदन केलं, म्हणाले, आता आमच्या गाडीपेक्षा तुमची छान दिसते. साहेबांनी ते अभिनंदन स्वीकारलं आणि मग वाकून गाडीकडे पाहिलं.

पाडव्याच्या जेवणाला आम्ही मंडळात गेलो होतो. श्रीखंड वाढून व्हायच्या आत साहेब माझ्या पानाजवळ आले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बोलत होते. जेवण झालं की खाली या, म्हणाले, तुम्हाला एक दाखवायचं आहे. सुलभाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच ताटाकडे पाहिलं.

खाली गेलो. मीराताई किल्ली घेऊन गाडीजवळ उभ्या होत्या. साहेबांनी त्यांना गाडी चालू करायला सांगितलं. दिवे लागले. साहेबांनी मला खांद्याला धरून बंपरपाशी वाकवलं.

"हे बघा. वायर दिसते का कुठे? टेप दिसते? फट आहे का एक केसाचीसुद्धा?"

मी नीट पाहिलं. फट नव्हती. मी तसं सांगितलं.

"ह्याला काम म्हणतात, जोगळेकर. शोरूमचं ते शोरूमचं. गाडीला एक भोक न पाडता केलंय त्यांनी."

मीराताई काचेआडून सरळ समोर बघत होत्या. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून माझ्या कामाची इतकी बारकाईने आणि इतकी मनापासून तारीफ मराठी मंडळात त्याआधी कुणी केली नव्हती, आणि ती ऐकताना काय चेहरा करावा हे मला कळेना. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "शिकायला वय नसतं."

मी म्हटलं, प्रयत्न करीन.